महागाई दहा टक्के, मग हातातला पैसा चाळीस टक्क्यांनी कमी कसा होतो?

पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पैसे कापले गेल्याचे मेसेज एकामागोमाग एक येत राहतात. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, विजेचं बिल, मुलांची फी, विमा, फोन. त्यापाठोपाठ महिन्याचा किराणा, कामावर जाण्या-येण्याचा खर्च, घरात कुणाची कायमची औषधं सुरू असतील तर ती. एवढं सगळं भागल्यावर जे हातात राहतं, तेवढ्याच पैशाबद्दल ‘याचं काय करू?’ असा प्रश्न आपण विचारू शकतो. बाकीच्या पैशाची वाट आधीच ठरलेली असते.

या उरलेल्या रकमेला मी इथे ‘मोकळा पैसा’ म्हणणार आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘व्यययोग्य उत्पन्न’ असा शब्द भेटतो, पण तो वेगळा. कर आणि सक्तीच्या कपाती वजा जाऊन हातात पडतं ते व्यययोग्य उत्पन्न. त्यातून जगण्याचा खर्च वजा केला की मोकळा पैसा. बातम्यांमध्ये उत्पन्न वाढल्याचे आकडे येतात आणि आपल्याला मात्र काहीच वाढल्यासारखं वाटत नाही, त्याचं एक कारण हे आहे की आकडा पहिल्या रकमेचा असतो आणि आपल्याला जाणवते ती दुसरी.

आता मुख्य गोष्ट. मोकळा पैसा ही वजाबाकी आहे. मोठ्या रकमेतून दुसरी मोठी रक्कम वजा करून उरलेली छोटी रक्कम. अशा वजाबाकीचा एक स्वभाव असतो: वरच्या दोन आकड्यांत थोडा बदल झाला की उत्तरात प्रचंड बदल होतो. महागाईबद्दल आपण जे काही बोलतो, त्यात ही साधी गोष्ट फार क्वचित सांगितली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात आधी हीच सांगायला हवी.

उदाहरण घेऊ. एका घरात महिन्याला १०० येतात. आवश्यक खर्च ८०, मोकळा पैसा २०. आवश्यक वस्तू दहा टक्क्यांनी महागल्या. ८० चे ८८ झाले. हातात उरले १२. महागाई दहा टक्के, पण मोकळा पैसा २० वरून १२ वर, म्हणजे चाळीस टक्क्यांनी घटला.

शेजारच्या घरातही समजा १००च येतात, पण त्यांचं घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलेलं आहे, घरात आजारपण नाही. त्यांचा आवश्यक खर्च ५०. तीच दहा टक्के महागाई. ५० चे ५५ झाले, ५० उरत होते तिथे ४५ उरले. घट दहा टक्के. दोन्ही घरांनी एकच बातमी वाचली, एकाच बाजारातून सामान आणलं, उत्पन्नही सारखंच. तरी एका घराला चौपट फटका बसला. त्या घरातल्या माणसाने ‘भागत नाही’ म्हटलं आणि शेजाऱ्याने ‘एवढं काय त्यात’ म्हटलं, तर दोघंही आपापल्या हिशेबाने खरंच बोलत असतात.

स्वतःच्या घरासाठी हे काढायचं असेल तर आवश्यक खर्चाला मोकळ्या पैशाने भागायचं. ८० भागिले २० म्हणजे ४. आवश्यक खर्च एक टक्क्याने वाढला की मोकळा पैसा चार टक्क्यांनी आटतो. आवश्यक खर्च ६० आणि मोकळे ४० असतील तर गुणक दीड. ९० आणि १० असतील तर तो थेट ९. अशा घरात आवश्यक खर्च जेमतेम अकरा-बारा टक्क्यांनी वाढला तर मोकळा पैसा शून्यावर येतो, आणि त्यानंतर सुरू होते ती उसनवारी.

पगार वाढतो तेव्हा काय होतं? समजा दोन्ही घरांचं उत्पन्न पाच टक्क्यांनी वाढलं. १०० चे १०५ झाले. दुसऱ्या घरात ५५ वजा जाता ५० उरले. निदान आकडा तरी जागेवर आला. पहिल्या घरात ८८ वजा जाता उरले १७, म्हणजे पगारवाढ होऊनही आधीपेक्षा कमीच. त्या घराला २० चा आकडा टिकवायलाच आठ टक्के पगारवाढ हवी होती. पगारवाढ मिळाली तरी तंगी का संपत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा माणसाच्या उधळेपणात सापडत नाही, या गणितात सापडतं. घराघरांत यावरून एकमेकांना बोल लावले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

आवश्यक म्हणजे नेमकं काय

इथे वाद होतो, आणि तो होणारच. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: हा खर्च पुढच्या महिन्यात केलाच नाही तर काय होईल? घर सोडावं लागेल, नोकरीवर पोहोचता येणार नाही, दंड लागेल, प्रकृती बिघडेल, मूल शाळेत मागे पडेल, यांपैकी काही होणार असेल तर तो खर्च आवश्यक. या कसोटीला लावलं की काही गोष्टी आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या बाजूला पडतात. मोबाइलचं रिचार्ज अनेकांना चैन वाटतं, पण ज्याला काम फोनवरूनच मिळतं त्याच्यासाठी ते प्रवासखर्चाइतकंच आवश्यक आहे. आणि वर्षातून एकदा येणारे खर्च, जसे विमा, फी, मालमत्ता कर, यांना बाराने भागून दर महिन्यात धरायला हवं. ते न धरल्यामुळे अकरा महिने आपल्याला मोकळा पैसा आहे असं वाटत राहतं आणि बाराव्या महिन्यात तोंडमिळवणी होत नाही.

आवश्यक खर्चाचा वाटा कुणाचा मोठा असतो, हे कळून दीडशेहून अधिक वर्षं झाली. अर्न्स्ट एंगेल हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ (मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स वेगळे) १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासत होते. त्यांना दिसलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. पुढे १८६८ मध्ये बर्लिनच्या हेर्मान श्वाबे यांनी घरभाड्याबद्दल असंच निरीक्षण मांडलं: उत्पन्न जितकं कमी, भाड्यात जाणारा हिस्सा तितका जास्त. त्यानंतर देश बदलले, काळ बदलला, पण एंगेल यांचं म्हणणं पुन्हा पुन्हा खरं ठरत आलं आहे. पोट सगळ्यांना सारखंच असतं, त्यामुळे उत्पन्न दुप्पट झालं म्हणून माणूस दुप्पट जेवत नाही.

वरचं गणित आणि एंगेल यांचं निरीक्षण शेजारी शेजारी ठेवलं की चित्र लख्ख होतं. कमी उत्पन्नाच्या घराचा गुणक आधीच मोठा असतो. आणि महागाई जर अन्न, इंधन आणि भाडं यांचीच असेल, तर ती नेमकी त्या घराच्या सर्वांत मोठ्या रकमेवर येऊन पडते.

सरासरी आकडा आणि आपलं घर

महागाईचा जो दर आपण ऐकतो तो ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. हजारो कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून वस्तू आणि सेवांची एक टोपली ठरवायची, प्रत्येकीला वजन द्यायचं, आणि ती टोपली आज किती महाग पडते ते मोजायचं. ठरलेली टोपली धरून मोजण्याची ही रीत एटीन लास्पेयर या अर्थतज्ज्ञाने १८७१ मध्ये मांडली आणि तिच्याच सुधारलेल्या रूपांवर आजही बहुतेक देशांचं काम चालतं. रीत चांगली आहे, मोजणारी माणसं प्रामाणिकपणे मोजतात. पण टोपली सगळ्यांची मिळून आहे. वजनं एकूण खर्चावर ठरतात, त्यामुळे जो जास्त खर्च करतो त्याच्या सवयी टोपलीत जास्त भरतात. ज्या घरात लहान बाळ आहे, ज्या घरात दोन म्हातारी माणसं औषधांवर आहेत, ज्या घरातून कामाची जागा खूप लांब आहे, त्यांची टोपली सरासरीपेक्षा वेगळीच असते.

आणखी एक गोष्ट या आकड्यात सहसा नसते. अनेक देशांच्या निर्देशांकात घरकर्जावरचं व्याज धरलंच जात नाही. महागाई आवरायला मध्यवर्ती बँका व्याजदर वाढवतात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात आपला दर शून्याच्या जवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत नेला. इतर बऱ्याच देशांतही दर चढे झाले. बदलत्या व्याजाचं कर्ज असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो? वीस वर्षांच्या कर्जाचं व्याज सहावरून आठ टक्के झालं तर सुरुवातीपासून धरलेला हप्ता सुमारे सतरा टक्क्यांनी वाढतो. हप्ता ३० असेल तर तो ३५ होतो. मोकळे २० होते, ते १५ राहतात. चौथा हिस्सा गेला, आणि महागाईच्या आकड्यात याची नोंदसुद्धा नाही. हप्ता तोच ठेवून कर्जाची मुदत वाढवून घेतली तर आजचा मोकळा पैसा वाचतो, पण तो पुढच्या वर्षांमधून उचललेला असतो.

इंधनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते घरात दोन दारांनी शिरतं. एक दार उघड आहे: आपलं स्वतःचं वीज, गॅस आणि पेट्रोलचं बिल. दुसरं दार दिसत नाही. शेतापासून दुकानापर्यंत माल आणायला इंधन लागतं, खत बनवायला नैसर्गिक वायू लागतो, शीतगृह चालवायला वीज लागते. म्हणून इंधन महागलं की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बाकी सगळंही महागायला लागतं, आणि तोवर मूळ कारण आपण विसरलेलो असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतर हे दोन्ही मार्गांनी घडलं. त्याच वर्षी वार्षिक महागाई अमेरिकेत जूनमध्ये ९.१ टक्क्यांवर, ब्रिटनमध्ये ऑक्टोबरमध्ये ११.१ टक्क्यांवर आणि युरो वापरणाऱ्या देशांत त्याच महिन्यात १०.६ टक्क्यांवर गेली. वर्षानुवर्षं महागाई दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असलेल्या या समाजांत अनेक घरांनी पहिल्यांदाच हिवाळ्यात खोली गरम ठेवायची की नाही याचा हिशेब केला.

‘आता महागाई कमी झाली’ ही बातमीसुद्धा नीट समजून घ्यायला हवी. पहिल्या वर्षी आठ टक्के, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी चार, अशी महागाई उतरत गेली तर १०० ची वस्तू १०८ होते, मग ११४ च्या वर, मग ११९. दर उतरला, किंमत चढतच राहिली. चढण्याचा वेग मंदावला एवढंच. किमती खाली येतील या आशेवर कुणी खरेदी थांबवली असेल, तर ती वाट लांबण्याचीच शक्यता जास्त असते.

काटकसर कुठून सुरू होते

माझ्या आईची हिशेबाची वही मी अनेक वर्षं पाहिली आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि उजव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली एक छोटी यादी. तिला आई ‘जमलं तर’ म्हणायची. पेनने लिहिलेलं ते द्यायचंच. पेन्सिलीचं ते खोडता येण्यासारखं. एका वर्षी त्या यादीत ‘चष्मा’ हा शब्द सलग सात महिने दिसतो. दर महिनाअखेरीला खोडलेला, पुढच्या पानावर पुन्हा लिहिलेला. त्या सात महिन्यांत आमच्याकडे काही अडलं असं मला आठवत नाही. भाडं वेळेवर गेलं, फी वेळेवर भरली. आई फक्त वही जरा लांब धरून वाचायला लागली होती.

मोकळा पैसा आटतो तेव्हा पहिला टप्पा बहुधा असाच असतो, आणि म्हणून तो बाहेरच्या कुणाला दिसत नाही. दाताची तपासणी पुढे जाते. गळणारा नळ तसाच राहतो. चपला आणखी एक मोसम ओढल्या जातात. त्यानंतर माणसं स्वस्त पर्यायाकडे वळतात: मोठ्या कंपनीऐवजी बिननावाचा माल, मोठ्या पुड्याऐवजी छोटा. इथेही परिस्थिती साथ देत नाही. अल्बर्टो कावालो आणि ओलेक्सी क्रिव्हत्सोव्ह या अभ्यासकांनी दहा देशांतल्या दुकानांमधले खाद्यपदार्थांचे दर तपासले. महामारीनंतरच्या महागाईत एकाच प्रकारच्या मालातले स्वस्त ब्रँड महागड्या ब्रँडपेक्षा जास्त वेगाने महागल्याचं त्यांना सर्रास आढळलं. जे आधीच सगळ्यात स्वस्त घेत होते, त्यांना खाली उतरायला पायरीच उरली नाही. छोटा पुडा घेतला तर किलोमागे दर जास्त पडतो. महिन्याचं सामान एकदम भरायला जी रक्कम लागते ती हातात नसली की तेच सामान थोडं थोडं घेत जास्त पैसे मोजावे लागतात. हातात पैसा कमी असणं हेच पुन्हा खर्च वाढवतं, आणि मला यात सगळ्यात जास्त अन्याय दिसतो.

त्यापुढचा टप्पा बचतीचा. जेम्स ड्युझेनबेरी या अर्थतज्ज्ञाने १९४९ मध्ये दाखवलं की उत्पन्न घटलं तरी कुटुंबं सवयीचं राहणीमान लगेच सोडत नाहीत. आधी बचतीला कात्री लागते. हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मुलांच्या ताटातलं कमी करण्याआधी कुणीही आई-बाप बँकेतले पैसे काढेल. पण बचत म्हणजे पुढच्या अडचणीच्या वेळचा मोकळा पैसा. ती संपल्यावर येणारा पहिलाच अचानक खर्च, एखादं आजारपण किंवा मोडलेलं वाहन, घराला कर्जात नेतो. कर्जाचा हप्ता सुरू झाला की तो आवश्यक खर्चात जाऊन बसतो, आणि मघाचा गुणक आणखी मोठा होतो.

उत्पन्नाचे पन्नास टक्के गरजांवर, तीस टक्के हौसेवर आणि वीस टक्के बचतीत, असं एक सूत्र सगळीकडे फिरत असतं. ज्यांच्या गरजा पन्नासात बसतात त्यांच्यासाठी ते उपयोगी आहे. ज्या घरात गरजाच ऐंशी घेतात त्यांना ते सांगणं मला पटत नाही. त्यांच्या हातात जे असतं ते म्हणजे त्या ऐंशीतली एक-दोन मोठी रक्कम हलवणं: भाड्याचं घर बदलणं, महागड्या व्याजाचं कर्ज आधी फेडून टाकणं, लागू असलेली सवलत किंवा शुल्कमाफी मागून घेणं. यातलं एक जरी साधलं तर वर्षभर चहा-नाश्त्यात केलेल्या काटकसरीपेक्षा जास्त फरक पडतो, कारण गुणक उलट दिशेनेही तसाच चालतो. ऐंशीचे शहात्तर करता आले, म्हणजे पाच टक्के कमी, तर मोकळा पैसा वीसवरून चोवीस होतो. वाढ वीस टक्के.

आणि एका घराचा मोकळा पैसा हा दुसऱ्या घराचा पगार असतो, हे विसरून चालत नाही. केस कापणारा, शिवणकाम करणारी, छोटं उपाहारगृह चालवणारं जोडपं, गाणं शिकवणारे गुरुजी, यांचं पोट लोकांच्या ‘जमलं तर’च्या यादीवर असतं. गावातल्या हजार घरांनी एकाच वेळी ती यादी खोडली की यांच्याकडची गर्दी ओसरते, आणि यांच्याही घरात भाडं आणि किराणा महागलेलाच असतो. त्यांना दोन्हीकडून मार बसतो. नोकरदाराला वर्षाअखेरीला काहीतरी पगारवाढ मागता तरी येते. यांनी दर वाढवले तर गिऱ्हाईक तुटतं, नाही वाढवले तर पदरमोड होते.

किमती शांत झाल्यावर मोकळा पैसा परत येतो का? येतो, पण सावकाश. आपलं पहिलं घर घेऊ, जिथे ८८ खर्च होऊन १२ उरत होते. पुढे दरवर्षी उत्पन्न पाच टक्के आणि आवश्यक खर्च तीन टक्के वाढला, म्हणजे काळ चांगलाच म्हणायचा, तर पहिल्या वर्षी १४.४ उरतात, दुसऱ्या वर्षी १६.९, तिसऱ्या वर्षी १९.६. तीन चांगल्या वर्षांनंतरही जुना वीसचा आकडा गाठलेला नसतो, आणि दरम्यान बाकी वस्तू महागल्यामुळे त्या वीसमध्ये पूर्वीइतकं येतही नाही. शिवाय त्यातून सुरुवातीला हौस भागत नाही. आधी उसने फेडायचे असतात, मोडलेली बचत भरायची असते, पुढे ढकललेली कामं उरकायची असतात. ढकललेला खर्च बऱ्याचदा वाढून समोर येतो: तपासणी टाळलेल्या दाताचं आता रूट कॅनाल करावं लागतं, गळक्या नळापायी भिंत ओली झालेली असते. जे सोडता येण्यासारखं होतं ते तोवर आवश्यक झालेलं असतं.

आईच्या वहीत आठव्या महिन्याच्या पानावर ‘चष्मा’ पेनने लिहिलेला आहे, वरच्या बाजूला, भाड्याच्या खालच्या ओळीत.